शंभर टक्के झालं, तरी थांबा!

मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कितीजणी पेनड्राइव्ह सरळ ओढून काढतात? लाजू नका, कालपरवापर्यंत मीही त्यातलीच होते. आता नाही. का नाही, तेच सांगते.

गेल्या दिवाळीला आमच्या सासूबाईंनी जात्यावरच्या ओव्या म्हटल्या. वय चौऱ्याऐंशी, पण आवाज खणखणीत. चौदा ओव्या मी फोनवर टेप केल्या. फोन भरला म्हणून त्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर ठेवल्या नि फोनमधून पुसून टाकल्या. भाऊबीज झाली, वन्सं नागपूरला निघाल्या. रिक्षा दारात उभी, चिवड्याचा डबा बांधायचा राहिलेला. अशा घाईत मी पेनड्राइव्ह लावला, ओव्या 'कट' केल्या, तिकडे 'पेस्ट' केल्या. हिरवी पट्टी सरसर शंभर टक्क्यांवर गेली. झालं, म्हटलं, आणि पेनड्राइव्ह उपटून वन्संच्या पर्समध्ये टाकला.

दोन दिवसांनी फोन आला. "अगं वहिनी, यात नावं दिसतात सगळी, पण वाजत काहीच नाही!"

लॅपटॉपवर पाहिलं, तर तिथंही नाही. मी 'कट' केलं होतं ना!

रात्री मुलानं समजावलं. "आई, पट्टी भरली म्हणजे लॅपटॉपनं काम ऐकून घेतलं. लिहून झालं असं नाही."

मला आपला दुधाचा हिशोब आठवला. दूध रोज येतं, पण कॅलेंडरवर आपण रोज लिहितो का? चार दिवसांचं डोक्यात ठेवतो नि एकदम मांडतो. लॅपटॉपही तेच करतो. पेनड्राइव्हवर लिहायला वेळ लागतो, म्हणून तो मजकूर आधी आपल्या चपळ मेमरीत ठेवतो, तुम्हांला 'झालं' म्हणतो आणि मागाहून सवडीनं उतरवतो. या लॅपटॉपवर लिनक्स आहे. त्यात ठेवलेला मजकूर साधारण तीस सेकंद जुना झाला की उतरवायला घेतात. फाइली मोठ्या नि पेनड्राइव्ह मंद असेल, तर पुढं मिनिटंही जातात. तेवढ्यात तुम्ही ओढून काढलंत, की संपलं!

यावर उपाय काही नवा नाही. सत्तरच्या दशकापासून युनिक्समध्ये 'सिंक' नावाची आज्ञा आहे. अर्थ एवढाच, की डोक्यात आहे ते आता वहीत लिही. जुने ऑपरेटर म्हणे ती तीनदा टाइप करत, म्हणजे तेवढ्या वेळात डिस्कचं लिहून होई. आज लिनक्सवर सिंक लिहून होईपर्यंत थांबतं. आपण पडद्यावर 'इजेक्ट' दाबतो, तेव्हा हेच काम आधी उरकलं जातं. विंडोज १० मध्ये २०१८ च्या १८०९ आवृत्तीपासून पेनड्राइव्हसाठी 'झटपट काढणे' हीच मूळ सोय ठेवली आहे. पण लिहिणं चालू असताना काढलं तर तिथंही नुकसान व्हायचंच. म्हणून सवय एकच ठेवा.

आता आमच्या घरचा नियम लिहून घ्या. महत्त्वाची वस्तू 'कट' कधी करू नये, 'कॉपी'च करावी. मग इजेक्ट दाबावं आणि 'आता काढा' असा निरोप येईपर्यंत थांबावं. 'वापरात आहे' असं म्हणालं तर उघडी फाइल बंद करावी, चिडून ओढू नये. मग पेनड्राइव्ह काढून पुन्हा लावावा आणि दोनतीन फाइली वाजवून पाहाव्यात. न काढताच पाहिलं, तर लॅपटॉप मेमरीतलंच ऐकवील नि तुम्ही फसाल! हे सगळं झाल्यावरच मूळ प्रत पुसावी. आणि ज्यांच्याकडं टेबलावरचा कॉम्प्युटर आहे त्यांनी, वीज जाते त्या गावी तरी, यूपीएस घ्यावा. वीज गेली की मेमरीतलं सगळं जातं.

सासूबाईंना सांगायचा धीर होत नव्हता. शेवटी सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे गं, मी आहे ना अजून. बस इथं." आणि पुन्हा म्हणायला बसल्या. अकरा ओव्या आठवल्या. उरलेल्या तिन्हींची सुरुवातही आठवेना. "माहेरच्या वाटेची एक होती बघ," एवढंच म्हणाल्या.

त्या अकरा आता तीन ठिकाणी आहेत. पेनड्राइव्ह काढताना मी निरोपाची वाट पाहते. रिक्षावाला हॉर्न वाजवीत राहतो, वाजवू दे.