चीजच्या पत्रामागची आकडेमोड

प्रिय मीनल,

तुझ्या लेकीचा व्हॉइस मेसेज ऐकला आणि हसू आवरेना. म्हणे, ‘मावशी, ही आवर्त सारणी ज्याने केली त्याचा मुलांवर काय राग होता?’ अगं, त्या बिचाऱ्याने ती मुलांसाठीच केली होती! तिला हे वाचून दाखव.

दिमित्री मेंडेलीव्ह पीटर्सबर्गच्या विद्यापीठात शिकवायचा. विद्यार्थ्यांच्या हातात द्यावं असं रशियन पुस्तक मिळेना, म्हणून स्वतःच लिहायला बसला. पहिला खंड संपला, तर त्यात जेमतेम आठ मूलद्रव्यं उरकलेली. तोवर माहीत होती 63! उरलेली 55 दुसऱ्या खंडात बसवायची कशी? एकेकाची स्वतंत्र हकीकत सांगत बसलं तर पुस्तक आटपायचं नाही. क्रम असा हवा, की एक शिकवलं की शेजारचं निम्मं आपोआप कळावं.

फेब्रुवारी 1869 मध्ये त्याला चीज बनवणाऱ्या सहकारी संस्थांच्या पाहणीला जायचं होतं. त्यासंबंधी आलेल्या पत्राच्या कोऱ्या पाठीवरच त्याने आकडे मांडले. तक्ता स्वप्नात दिसला ही गोष्ट ऐकीव. हा कागद मात्र खराखुरा आहे. तूही मांडून बघ. क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन: अणुभार 35.5, 80, 127. त्याखाली पोटॅशियम, रुबिडियम, सिझियम: 39, 85, 133. त्याखाली कॅल्शियम, स्ट्रॉन्शियम, बेरियम: 40, 87, 137. तीन घराणी, स्वभावाने अगदी वेगळी. पण वरून खाली बघ, भार कसा जरा जराच चढत जातो!

क्रम लावायचा नाद काही त्याला एकट्यालाच नव्हता. लंडनचा न्यूलँड्स आधीपासून सांगत होता, की सा रे ग म मध्ये आठव्या सुराला पुन्हा सा येतो, तसा आठव्या मूलद्रव्याला पहिल्याचा स्वभाव येतो. 1866 मध्ये केमिकल सोसायटीत त्याने हे मांडलं, तर एका प्राध्यापकाने विचारलं, ‘मूलद्रव्यं एबीसीडीप्रमाणे लावून पाहिलीत का?’ कुचेष्टाच ती! पण न्यूलँड्सचंही घोडं अडलं होतं. एकही घर रिकामं ठेवायचं नाही या हट्टापायी कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात दाटीवाटीने बसले, आणि लोखंड जाऊन पोचलं ऑक्सिजनच्या पंगतीला.

मेंडेलीव्हने घरं खुशाल रिकामी सोडली. इतकंच नाही, 1871 मध्ये तिथे येणाऱ्यांचं वर्णनही छापून टाकलं. ॲल्युमिनियमखालचं गॅलियम 1875 मध्ये फ्रान्समध्ये सापडलं. शोधणाऱ्या ब्वाबोद्राँने घनता मोजली 4.7. मेंडेलीव्हने ते द्रव्य डोळ्यांनी पाहिलेलंही नव्हतं, तरी कळवलं, की 5.9च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. मोजली, तर 5.9! जर्मेनियम 1886 मध्ये मिळालं. त्याचा अणुभार मेंडेलीव्हने 72 सांगितला होता, निघाला 72.3.

पण मला सगळ्यात आवडते ती टेल्युरियम-आयोडीनची भानगड. भाराप्रमाणे आयोडीन आधी यायला हवं. पण त्याचं वागणं क्लोरीन-ब्रोमीनसारखं. मेंडेलीव्हने वागण्याचं ऐकलं, टेल्युरियम आधी बसवलं आणि ठणकावलं, की टेल्युरियमचा भारच चुकीचा मोजलाय. भार बरोबरच होता! म्हणजे जागा अचूक आणि दिलेलं कारण साफ चूक. खरं कारण 1913 मध्ये इंग्लंडच्या मोझ्लेने क्ष-किरणांवरून काढलं. क्रम ठरतो तो अणुकेंद्रातल्या धन प्रभारावर. टेल्युरियम 52, आयोडीन 53. मोझ्ले दोनच वर्षांनी गॅलिपोलीच्या लढाईत गेला, अवघ्या सत्ताविसाव्या वर्षी. मेंडेलीव्ह त्याआधीच, 1907 मध्ये वारला होता. आपलं बरोबर का आलं, हे त्याला कळलंच नाही.

म्हणून लेकीला सांग, पाठ नंतर कर. आधी तक्त्यात भार उलटा पडतो अशा जोड्या शोध. टेल्युरियम-आयोडीन मी फोडलीच आहे. अजून दोन तरी सहज सापडतील. एक आरगॉनच्या शेजारी आहे, एवढीच मदत. सापडल्या की मला मेसेज करायचा, आणि आईला विचारायचं नाही. तशीही तुला दहावीत रसायनशास्त्रात किती मिळाले होते ते मी अजून विसरलेले नाही!

तुझीच,
शुभा