नाशिकचे फिल्म धुणारे बिऱ्हाड

नाशिकला गेलेला प्रवासी रामकुंडावर स्नान करतो, काळारामाचे दर्शन घेतो; फार तर पांडवलेण्यांच्या पायथ्याचे फाळके स्मारक पाहून येतो. या स्मारकापाशी दादासाहेबांइतकीच त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचीही आठवण व्हायला हवी.

१९१२ साली दादरच्या राहत्या घरी ‘राजा हरिश्चंद्र’ तयार होत होता. कोरी फिल्म विलायतेहून येई, तीही भोकांवाचून. सरस्वतीबाई अंधारात चाचपडत तिच्या कडांना भोके पाडीत आणि चित्रण झाले की तीच फिल्म रसायनात धूत. या धंद्याच्या भांडवलापायी दागिने गेले तेही त्यांचेच!

१९१३ मध्ये फाळक्यांनी हे बिऱ्हाड नाशिकला आणले. पुढल्याच वर्षी महायुद्ध पेटले, कोरी फिल्म महागली, पैसेवाल्यांनी हात आखडला. महागली नाही ती एकच गोष्ट : घरच्या माणसांची मेहनत.

१९६० साली उटकमंडला फिल्मचा सरकारी कारखाना निघाला. पुढे तोही बंद पडला. आज कृष्णधवल रोल पुन्हा परदेशाहून येतो, खिशाला जड जातो, आणि हौशी मंडळी तो न्हाणीघरात स्वतःच धुतात. नाशिकला गेल्यावर त्यांनी तरी सरस्वतीबाईंना एक नमस्कार करावा.