सोयीचा ठोकळा आणि बदलापूरची लोकल

संगणकाने करायच्या कामाचा क्रम सांगणे म्हणजे आज्ञावली लिहिणे. नवशिक्यांना ते शिकवण्यासाठी घडवलेल्या चित्रमय भाषांपैकी ‘स्क्रॅच’ ही भाषा अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबने २००७ साली सर्वांसाठी खुली केली, आणि तिच्यात आज्ञा टंकाव्या लागत नाहीत, तर रंगीत ठोकळे एकाखाली एक अडकवावे लागतात. अशी भाषा घडवणाऱ्यापुढे आणि शिकवणाऱ्यापुढे एक प्रश्न कायम असतो. अनेक मूळ ठोकळ्यांचे काम एकट्याने उरकणारा तयार ठोकळा, म्हणजे सोयीची आज्ञा, मुलांच्या हाती द्यावा, की मोजक्या मूळ आज्ञा देऊन बाकीचे त्यांचे त्यांना जुळवू द्यावे?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यातील मुलांच्या रोजच्या पाहण्यातली लोकल पडद्यावर चालवायला सांगितली, की हा प्रश्न लगेच हाताशी येतो. स्क्रॅचचा मंच ४८० पावले रुंद असून त्याचा मध्य शून्य मानलेला असतो. उल्हासनगर उणे २०० वर, अंबरनाथ उणे १२० वर आणि बदलापूर २०० वर मांडले, तर सुमारे २ आणि सुमारे ८ किलोमीटरची प्रत्यक्ष अंतरे प्रमाणात बसतात. ‘अमुक सेकंदांत अमुक जागी सरक’ या सोयीच्या ठोकळ्याने गाडी तत्काळ धावू लागते आणि मूल खूश होते. पण दोन्ही टप्प्यांना तेवढेच सेकंद दिले, तर अंबरनाथ सुटताच तीच लोकल चौपट वेगाने पळते. शिवाय सरकणे संपेपर्यंत त्या क्रमातला पुढचा ठोकळा चालू होत नसल्यामुळे, मध्येच सिग्नल लाल झाला तरी तो तपासायला त्या क्रमात जागाच नसते. ‘क्ष ४ ने बदल’, म्हणजे गाडी ४ पावले पुढे सरकव, हा मूळ ठोकळा पुनरावृत्तीच्या ठोकळ्यात घातला, तर प्रत्येक फेरीत सिग्नल पाहता येतो आणि वेग दोन स्थानकांमधल्या अंतरावर अवलंबून राहत नाही.

म्हणून सोयीच्या आज्ञा काढूनच टाकाव्यात असे मात्र नाही. ‘कडेला लागल्यास उलट फिर’ हा ठोकळा नसता, तर साधा चेंडू उसळवण्यासाठी मुलाला आधी कोनांचे गणित सोडवावे लागले असते आणि खेळ तिथेच थांबला असता. ज्या दिवशी कोन शिकायचे नाहीत, त्या दिवशी ते झाकणारी आज्ञा उपकारकच असते. जो धडा शिकायचा आहे तोच झाकणारी आज्ञा मात्र तो धडा हिरावून घेते.

स्क्रॅचच्या इतिहासात याचा एक बोलका दाखला सापडतो. पहिल्या आवृत्तीत ‘सदैव, जर’ असा जोडठोकळा होता. तो वाचून अट खरी असेपर्यंतच काम चालेल असे वाटण्याची शक्यता होती. प्रत्यक्षात अट खोटी ठरली तरी तपासणी चालूच राहत असे. ‘सदैव’च्या पोटात ‘जर’ बसवले की हे सारे डोळ्यांना दिसते. २०१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत हा जोडठोकळा गेला, आणि त्याच आवृत्तीत मुलांना स्वतःचे ठोकळे घडवण्याची सोय मिळाली.

लोकलच्या स्वाध्यायातही शेवटी सोय परत येते, पण मुलाच्या हातची. ‘किलोमीटर’ हा आकडा स्वीकारणारा ‘पुढचे स्थानक’ नावाचा ठोकळा त्याने घडवला, आणि त्याच्या पोटात त्या आकड्याच्या दहापट वेळा क्ष ४ ने बदलण्याची पुनरावृत्ती ठेवली, तर २ किलोमीटरला ८० पावले आणि ८ ला ३२० पावले आपोआप पडतात. पुढे गाडी बदलापूरनंतरच्या वांगणी स्थानकापर्यंत न्यायची ठरली, तर आणखी सुमारे १० किलोमीटर मंचाबाहेर जातात. तयार सरकत्या ठोकळ्यांच्या आज्ञावलीत तेव्हा प्रत्येक थांब्याची जागा नव्याने मोजून लिहावी लागते, तर स्वतः घडवलेल्या ठोकळ्यात ४ च्या जागी २ लिहिले की सगळ्या थांब्यांमधली अंतरे निम्मी होतात आणि वांगणी मंचावर मावते. तो २ कुठे लिहायचा, हे मुलाला विचारावे लागत नाही.