आरोपीचे वकीलपत्र

त्या वर्षी शेजारच्या काकूंनी मला हळदीकुंकवाला बोलावले नाही. कारण उघड होते. इंदूरच्या ज्या गृहनिर्माण संस्थेत त्यांच्या यजमानांनी निवृत्तीची पुंजी भरली, तिने एकच भूखंड दोघांना विकला होता. आणि पावतीवर सही करणाऱ्या कारकुनाचे वकीलपत्र मी घेतले होते.

अटकेतील माणसाला आपल्या पसंतीच्या वकिलाकरवी बचाव करण्याचा हक्क राज्यघटनेच्या 22व्या अनुच्छेदाने दिला आहे. आरोप कलम 420चा होता. 1 जुलै 2024 पासूनच्या अशा गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचे कलम 318 लागते. दोहोंतही मर्म एकच: व्यवहाराच्या आरंभापासून मनात कपट असले पाहिजे. सांगितल्या जागी सही करणारा प्रत्येक हात कपटी नसतो. आणि भलताच हात बेडीत अडकला, की खरा हात निर्धास्त होतो.

कारकून निर्दोष सुटला. पुढे काकू स्वतःच्या दिवाणी दाव्याचे कागद घेऊन माझ्याकडे आल्या. एकदा एका पक्षाचे काम केल्यावर त्याच प्रकरणात दुसऱ्याचे घेता येत नाही, असे सांगून मी दुसऱ्या वकिलाचे नाव सुचवले. कागद आवरीत त्या म्हणाल्या, “नियम तुमचे गं बाई, वाट पाहणे मात्र आमचे.”

न्यायालयात मला उत्तर सुचले असते. तेथे, उंबऱ्यापाशी, सुचले नाही.