चोराला ‘चोप’ दिल्यानंतर

पोस्ट मोठी आहे. ज्यांच्या गावात सध्या रात्रगस्त सुरू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा, एवढी विनंती.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेबाराला फोन वाजला. आमच्या नात्यातले एक शेतकरी आहेत, इथे त्यांना तात्या म्हणू. “अरे, केबलचा चोर घावला. ये लवकर, फोटो घे. पेपरला आला पाहिजे.” मागे नुसता कालवा चालला होता.

गाडीला किक मारण्याआधी मी ११२ ला फोन लावला. मग ठाण्यातल्या ओळखीच्या हवालदाराला. पूर्वी मी असं करत नव्हतो, पूर्वी आधी कॅमेरा शोधायचो. का बदललो ते पुढे सांगतो.

विहिरीजवळच्या लिंबाला एकाला बांधलं होतं. पंचविशीचा असेल. ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. पायाशी पोतं, त्यात कापलेली केबल. भोवती चाळीस-पन्नास माणसं आणि निम्म्यांच्या हातात मोबाईल. एका पोराच्या हातात टिकावाचा दांडा.

तात्यांचा राग खोटा नव्हता, हे आधी सांगतो. वर्षात तिसऱ्यांदा केबल गेली होती. ज्यांना शेती माहीत नाही त्यांच्यासाठी: चोर केबल नेतो ती तांब्यासाठी. वरचं प्लास्टिक जाळायचं आणि तांबं भंगारात घालायचं. त्याच्या हातात थोडे पैसे पडतात, पण इकडे मोटर बंद, पाणी बंद, आणि ऐन उन्हात उभं पीक होरपळतं. तक्रार द्यायला गेलं की “केबलचं बिल आहे का?” असं विचारतात आणि गुन्हा दाखल करण्याऐवजी साधा अर्ज घेऊन वाटेला लावतात. पहिल्या दोन्ही वेळी तात्यांचं हेच झालं होतं. अशा माणसाला रात्री बारा वाजता कायदा शिकवायला जाणं सोपं नाही.

तरी मी म्हणालो, “तात्या, आता हात लावू नका कुणी. पोलीस निघालेत.”

दांडेवाला पोरगा अंगावर आला. “पत्रकार, तुम्ही चोराचे वकील का?”

त्या पोराला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकलो नाही. ते आज देतोय.

१४ वर्षांपूर्वीची गोष्ट. पत्रकारितेचा डिप्लोमा करून तालुक्याला बातमीदारी करत होतो. शेजारच्या गावात मोटर चोरताना एकजण सापडला. मी सकाळी पोचलो तेव्हा त्याला दवाखान्यात नेलं होतं. लोकांनी रात्रीची हकीकत रंगवून सांगितली, मीही रंगवून लिहिली. मथळा होता, ‘मोटर चोरट्यास ग्रामस्थांचा बेदम चोप’. खाली शेवटच्या ओळीत नेहमीप्रमाणे, ‘चोरट्यास पकडण्यासाठी पुढील धाडसी युवकांनी परिश्रम घेतले’ आणि सात जणांची नावं. गावात नाव छापून आलं की अंक खपतो, हे आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवलेलं असतं.

तिसऱ्या दिवशी तो माणूस मेला. आतून रक्तस्राव झाला होता.

पोलिसांना संशयितांची यादी करायला फार त्रास पडला नाही. यादी छापून तयार होती. मीच केलेली.

सातही जणांवर खुनाचा गुन्हा. त्यातल्या एकाचं लग्न ठरलं होतं, ते मोडलं. एकाच्या बापाने जामिनासाठी आणि वकिलासाठी दीड एकर विकली. चोरीला जाणार होती ती मोटर पाच अश्वशक्तीची होती, आणि तीही परत मिळाली होती. खटला सात वर्षं चालला. शेवटी खून नव्हे, सदोष मनुष्यवध धरून चौघांना शिक्षा झाली, तिघे सुटले. सुटलेल्यांपैकी एकाची आई मला बाजारात भेटली. ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, “तू नाव छापलंस तेव्हा मी पेढे वाटले होते रे.”

त्यानंतर मी कोर्टाच्या बातम्या करू लागलो. बाररूममधल्या एका जुन्या वकिलांनी चहाच्या टेबलावर मला जे समजावलं, ते आज सोप्या भाषेत मांडतो. तेव्हा भादंवि होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, पण या बाबतीतला गाभा १८६० पासून तोच आहे.

पहिली गोष्ट, कायदा तुम्हाला हात बांधून बसा म्हणत नाही. संहितेची कलम ३४ ते ४४ स्वतःच्या बचावाबद्दल आहेत. त्यात आपला जीव येतो तशी आपली मालमत्ताही येते, आणि शेजाऱ्याचीही येते. चोराला अडवा, धरा, झटापट करा, हातातली केबल हिसकावून घ्या. त्यात त्याला लागलं तरी, गरजेपुरतं असेल तर गुन्हा नाही.

पण जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो? कलम ४१ मोजून चार प्रसंग सांगतं. जबरी चोरी, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वीची घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवायच्या जागेला आग लावणं किंवा स्फोटकाने उडवणं, आणि चौथा, चोरी, नासधूस किंवा घरात घुसणं अशा परिस्थितीत होतंय की हक्क वापरला नाही तर कुणाचा जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती वाटावी. या चौघांत समान काय आहे बघा. माल किती किमतीचा, हा प्रश्नच नाही. माणसाच्या जिवाला धोका आहे का, हा प्रश्न आहे. म्हणून साधी चोरी, मग ती केबलची असो, कांद्याची असो की दोन तोळ्यांची, कलम ४२ खाली येते. तिथे मृत्यू सोडून बाकी इजा करण्याइतकाच हक्क. चोराने सुरा काढला की तीच चोरी जबरी चोरी होते आणि तुमचा हक्क तिथल्या तिथे वाढतो. तो सुरा टाकून पळाला की पुन्हा आखडतो.

या सगळ्यावर कलम ३७ चा लगाम आहे. गरजेपेक्षा जास्त इजा नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हक्कच नाही.

आता लिंबाला बांधलेल्या माणसाचं सांगा. त्याच्यापासून कुणाला धोका आहे? कुणालाच नाही. माल पोत्यात, पोतं आपल्या पायाशी. म्हणजे बचाव संपला. गाठ मारली त्या क्षणी आपला हक्क संपला आणि त्यानंतरचा प्रत्येक फटका हा आपला गुन्हा. “मी मारलं नाही, फक्त धरलं होतं” हेही चालत नाही. पाच किंवा जास्त माणसं एकाच उद्देशाने जमली तर कलम १९० खाली एकाने केलेलं सगळ्यांच्या माथी येतं. आणि आपण काढलेला व्हिडिओ पुराव्यासाठी पोलीसच जप्त करतात.

मग धरलेल्या चोराचं करायचं काय? तेही कायद्यात आहे. डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा नागरिकही पकडू शकतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे त्याला विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासांत पोलिसांकडे द्यायचं. म्हणजे पकडणं हे खरंच धाडस आहे, त्याबद्दल सत्कार करा. बांधून मारणं हे नाही.

कुणी म्हणेल, कोर्टं नुसती चोराचीच बाजू घेतात. तसं नाही. २०१० साली पंजाबच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षण मान्य करून आरोपींना सोडलं. समोर खरा धोका उभा असताना माणसाने भेकडासारखं पळून जावं अशी कायद्याची अपेक्षा नाही, हेही तिथे स्पष्ट केलं. घाबरलेल्या माणसाने त्या क्षणी किती जोर लावला हे सोनाराच्या काट्यावर तोलत नाहीत. पण धोका मात्र खरा लागतो.

आणखी एक गोष्ट, कारण आपल्याकडे हे सर्रास चालतं. रानडुकरासाठी किंवा चोरासाठी बांधाला तारेतून करंट सोडणं. बिहारमधल्या एकाने १९५९ साली परक्यांनी वापरू नये म्हणून आपल्या संडासाच्या वाटेवर उघडी विजेची तार लावली. शेजारची बाई गेली ती तारेला चिकटून मेली. ती परवानगीशिवाय आली होती, हा त्याचा बचाव. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला आणि शिक्षा कायम ठेवली. आगंतुकाची काळजी घेणं तुमच्यावर बंधनकारक नसेल, पण त्याला इजा व्हावी म्हणून जाणूनबुजून सापळा लावायचा हक्क तुम्हाला नाही. तार माणूस ओळखत नाही. आपल्याकडे तर पहाटे पाणी धरायला निघालेला शेजारी किंवा पोटचा पोरगाही त्यावर पडू शकतो.

गर्दीही तारेसारखीच असते. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच जणांना पोरं पळवणारे समजून ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. १६ एप्रिल २०२० ला गडचिंचल्यात दोन साधू आणि त्यांचा चालक गेला, तिथेही अफवाच. काही जमातींना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ ला गेला. पण गावाबाहेर पाल दिसलं की आपली मान आजही तिकडेच वळते. चोर कोण हे रात्री दोन वाजता गर्दी ठरवणार असेल, तर बहुतेक वेळा तो अनोळखी आणि गरीबच निघणार.

मी काही संत नाही. चार वर्षांपूर्वी माझं घर फुटलं, आईच्या पाटल्या गेल्या. आई महिनाभर मोकळ्या मनगटाकडे बघत बसायची. चोर त्या महिन्यात माझ्या हाती लागला असता तर मी काय केलं असतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. म्हणूनच ती रेष रागात असताना नाही, आधी ठरवून ठेवायला लागते.

त्या रात्री पोलीस चाळीस मिनिटांनी आले. तोवर मी आणि तात्या त्या पोराच्या शेजारी उभे होतो. त्याने पाणी मागितलं, कुणी हललं नाही. शेवटी तात्यांच्या सूनबाईने तांब्या आणला. दुसऱ्या दिवशी मी तात्यांबरोबर ठाण्यात बसून राहिलो आणि अर्ज नव्हे, गुन्हा दाखल करून घेतला. आधीच्या दोन चोऱ्यांची हकीकतही त्यात लिहायला लावली. दांडेवाला पोरगा अजून माझ्याशी बोलत नाही. चालेल. तो घरी आहे.

बातमी मी चार ओळींची दिली. ‘चोप’ हा शब्द मी १४ वर्षांत पुन्हा लिहिलेला नाही. माझ्या सगळ्या बातमीदार भावांना हात जोडून विनंती, तुम्हीही लिहू नका. आणि गस्तीवरच्या पोरांनो, दांड्याच्या आधी ११२ लावा. धरा, बसवा, पाणी द्या, ताब्यात द्या. मग गुन्हा नोंदवून घ्यायला ठाण्यात गाव घेऊन जा. तिथे हवी तेवढी गर्दी करा, मीही येतो.