भुऱ्याचे गाऱ्हाणे

मांजर पाळणे म्हणजे काय, हे आपल्याला पुरते ठाऊक आहे, असा आमचा पुष्कळ वर्षे समज होता. वसईतील आमच्या वाडीतल्या जुन्या घरात मांजर नाही, असा काळ आम्हांला आठवत नाही. माळ्यावर भात, कोपऱ्यात सुक्या बोंबलांची टोपली आणि या दोहोंवर टपलेले उंदीर. अशा घरात मांजर पाळावे लागत नाही, ते आपण होऊन येते आणि राहते. माशांची डोकी, उरलासुरला भात आणि चुलीजवळची ऊब, एवढ्यावर त्याचा आमचा व्यवहार संपत असे. कुत्र्याचे मन आम्ही जाणत होतो. मांजरालाही मन असते की काय, हा विचार करण्याची गरजच आम्हांला कधी पडली नव्हती. ती गरज भुऱ्याने पाडली.

भुऱ्या हा वडिलांचा बोका. एका पावसाळ्यात विहिरीजवळ सापडलेले ते मूठभर पिल्लू वडिलांनी कापसाच्या बोळ्याने दूध पाजून जगवले. पुढे संध्याकाळी रोझरीच्या वेळी वडील ओट्यावर आरामखुर्चीत बसले, की हा त्यांच्या मांडीवर चढून पुढचे दोन्ही पंजे आळीपाळीने दाबत राही. “बघा, कणीक मळायला बसला,” असे वडील हसून म्हणत. आईला पिताना दूध उतरावे म्हणून पिल्लू तिचे पोट असेच दाबते आणि मोठेपणी जेथे त्याला तितकेच निर्धास्त वाटते तेथे हा बाळपणीचा चाळा पुन्हा करते, हे आम्हांला फार उशिरा कळले.

वडील गेले. घरात माणसांची रीघ लागली. महिन्याच्या मिस्सेपूर्वी आम्ही घराला रंग काढला, वडिलांची गादी नव्याने भरून घेतली आणि आरामखुर्ची माळ्यावर टाकली. ती रिकामी खुर्ची सारखी डोळ्यांसमोर नसली, तर आईचे दुःख हलके होईल, असा आमचा हिशेब होता. आई काही बोलली नाही. मात्र त्यानंतर ती संध्याकाळी ओट्यावर येईनाशी झाली. आतल्या खोलीत एकटीच जपमाळ ओढू लागली. वयाचा परिणाम, असे म्हणून आम्ही तो विषय मिटवला.

त्याच सुमारास भुऱ्या बिघडला. परसातल्या भुसभुशीत मातीत जाणारा हा स्वच्छ प्राणी एके दिवशी वडिलांच्या गादीवर ओले करून गेला. आम्ही रागावलो. दुसऱ्या वेळी धुतलेल्या कपड्यांचा ढीग नासला. तेव्हा आम्ही केरसुणी उगारली. तिसऱ्या वेळी, रविवारच्या मिस्सेसाठी इस्त्री करून ठेवलेले कपडे खराब झाले आणि आमचा संयम सुटला. वडील गेल्यापासून लाड होत नाहीत, म्हणून हा सूड उगवतो आहे, यावर आमचे एकमत झाले. याला पोत्यात घालून मासळी बाजारात सोडून यायचे, असे ठरले. पोते आणले, सुतळीही आणली.

आई दारात येऊन उभी राहिली. “मुक्या जिवाला पोत्यात घालून नेणार? आधी त्याला काय झालंय ते तरी बघा,” एवढेच ती म्हणाली आणि खाली वाकून तिने भुऱ्याला उचलले. पोटाला हात लागताच तो असा ओरडला, की आमच्या हातातली सुतळी तशीच राहिली. कालपासून तो पुनःपुन्हा कोपऱ्यात उकिडवा बसत होता, कण्हत होता. आम्ही त्याला खोड्या समजलो होतो.

जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपून पाहिले आणि आम्हांला विचारले, की इतका वेळ तुम्ही काय करीत होता? बोक्याचा मूत्रमार्ग अतिशय अरुंद असतो. त्यात बारीक खडे किंवा चिकट बुच अडकले, की लघवी तुंबते, तिचे विष रक्तात भिनते, आणि इलाज झाला नाही तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. भुऱ्याला भूल देऊन नळी घालावी लागली. तीन दिवस तो तेथेच होता.

तो घरी आला, त्या दिवशी डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते आम्ही जन्मात विसरणार नाही. मांजर हे शिकार करणारे असले, तरी स्वतः मोठ्या जनावरांची शिकारही होणारे आहे. म्हणून दुखणे लपविणे त्याच्या रक्तातच असते. वेदनेत असतानाही ते कधी कधी गुरगुरते आणि आपल्याला वाटते, ते सुखात आहे. नेहमीच्या जागी लघवी करताना दुखले, की त्या जागेचीच त्याला धास्ती बसते आणि ते मऊ, सुरक्षित जागा शोधू लागते. सूड उगवावा, असा बेत त्याच्या डोक्यात नसतो. मनावरचा ताण हेही या दुखण्याचे एक कारण असते. मांजर गाल घासून खांबाला, खुर्चीला आपला वास लावते. त्या वासाने घर त्याला आपले वाटते. आम्ही मात्र एका महिन्यात त्याचा माणूस गेला असताना त्याच्या घराचा वासही रंगाखाली पुसून टाकला होता!

मग आम्हांला वाचनाचा नाद लागला. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सांगाडा सापडल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. धान्याच्या कोठारातील उंदरांमागे आलेला हा प्राणी तेव्हापासून माणसाच्या सोबतीला आहे. मोठी मांजरे आपापसांत क्वचितच म्यांव करतात. ती हाक मुख्यतः माणसासाठी राखलेली असते. मांजराला आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखता येते, हे जपानमधील आत्सुको साइतो या विदुषींनी २०१९ साली दाखवून दिले. त्या वेळी त्या येशूसंघीयांनी स्थापन केलेल्या तोक्योच्या सोफिया विद्यापीठात होत्या. आपण मांजराकडे पाहून सावकाश डोळे मिटले-उघडले, तर तेही तसेच उत्तर देते, असे इंग्लंडमधील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांना २०२० साली आढळले. आम्ही हा प्रयोग भुऱ्यावर केला. पहिले दोन दिवस त्याने तोंड फिरविले. केरसुणी तो विसरला नव्हता. तिसऱ्या दिवशी त्याने डोळे मिटले.

आपल्या पवित्र ग्रंथात तोबियासच्या प्रवासात कुत्रा बरोबर चालतो; मांजराचा उल्लेख मात्र बारूखच्या सहाव्या अध्यायात, मूर्तींच्या अंगाखांद्यावर बसणाऱ्या जीवांच्या यादीत, ओझरताच येतो. पण प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनीही २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात प्रत्येक जीवाला देवाच्या दृष्टीने स्वतःचे मोल असल्याचे सांगितले. हे आम्ही प्रवचनात ऐकले होते. पोत्याला सुतळी बांधताना ते आम्हांला आठवले नाही, ही आमची कबुली आहे.

वाचकहो, खरी गोष्ट पुढेच आहे. डॉक्टरांनी सुचविले होते, की बोक्याची ओळखीची एखादी जुनी वस्तू असेल, तर ती परत जागेवर ठेवा. म्हणून आम्ही माळ्यावरून आरामखुर्ची खाली काढली. भुऱ्या आला, चारी पाय हुंगले, गाल घासला आणि वर चढून बसला. आई आतून पाहत होती. ती बाहेर आली, खुर्चीच्या दांड्यावर हात ठेवून उभी राहिली, आणि वडिलांच्या दफनविधीतही न रडलेली आई ओक्साबोक्शी रडली. “मला विचारलं असतं, तर मी नको म्हटलं असतं,” ती म्हणाली.

मांजराला बोलता येत नाही, म्हणून आम्ही त्याच्या मनाचा भलताच अर्थ लावला. आईला तर बोलता येत होते. तिला आम्ही विचारलेच नव्हते. दोघेही एकाच घरात, आपापल्या कोपऱ्यात, आपले दुखणे झाकून बसले होते.

आता संध्याकाळची रोझरी पुन्हा ओट्यावर होते. खुर्चीत आई बसते. भुऱ्या तिच्या मांडीवर कणीक मळतो आणि त्याची नखे लुगड्यात अडकली, तरी ती त्याला खाली ढकलीत नाही.