‘श्री. व सौ.’चे पाच तुकडे

आपल्या बस्तीची यादी पूर्वी वहीत असायची, आता ती संगणकात आली. पण आली ती वहीसारखीच. एका चौकटीत सगळं काही: ‘सौ. पद्मावती आण्णासाहेब पाटील, नंदगड’ आणि पुढं मोबाईल नंबर. वाचायला ठीक आहे. पण चातुर्मासात आहाराच्या पाळ्या लावायच्या, नंदगडची घरं किती, बिडीची किती हे काढायचं, म्हटलं की पडद्यावर बोट ठेवून मोजत बसायचं. मग संगणक कशाला घेतला?

यावर एक्सेलमध्ये सोपा उपाय आहे, बायांनो, भिऊ नका. आधी मूळ यादीची एक नक्कल करून ठेवायची. नावांच्या उजवीकडे चार-पाच रकाने मोकळे सोडायचे, नाहीतर तिथला मजकूर पुसला जातो. रकाना निवडून ‘डेटा’मध्ये ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ दाबायचं, ‘डिलिमिटेड’ घ्यायचं आणि ‘कॉमा’वर खूण करायची. नाव, गाव, नंबर असे तीन रकाने होतात. फोनच्या रकान्याला तेवढं ‘टेक्स्ट’ म्हणून सांगायचं. नाहीतर तो नंबर म्हणजे रक्कम समजून संगणक सुरुवातीचं शून्य खातो, आणि बेळगावचा ०८३१ नुसता ८३१ होतो.

इथवर सगळं सरळ. खरी गोष्ट पुढं आहे. नावाचेही तुकडे करायचे म्हणून ‘स्पेस’वर खूण केली, की पुरुषांची नावं शिस्तीत बसतात: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. बायकांच्या ओळी मात्र एक घर पुढं सरकतात. पहिल्या रकान्यात ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’ येऊन बसते आणि पद्मावती दुसऱ्यात जाते. संगणकाला काय ठाऊक, की सौ. हे नाव नव्हे! ‘फाइंड अँड रिप्लेस’नं ते शब्द आधी काढून टाकले, की ओळी जागेवर येतात.

पण काही ओळी तरीही जागेवर येत नाहीत. ‘श्री. व सौ. आण्णासाहेब पाटील’ घ्या. देणगीच्या फलकावर, लग्नपत्रिकेत आपण असंच लिहितो. तोडल्यावर पाच तुकडे पडतात: श्री., व, सौ., आण्णासाहेब, पाटील. यातली ती कुठं आहे? ‘सौ.’ एवढीच. घरखर्चातून पै-पै साठवून तिनं देणगी दिली असेल, पण तिच्या नावाचा रकानाच भरत नाही. जे लिहिलेलंच नाही, ते संगणक कुठून काढून देणार?

अशा घरी फोन लावून विचारावं लागतं. पलीकडून अक्का म्हणतात, “माझं नाव कशाला? यांचंच लावा की.” जरा लावून धरलं तर विचारतात, “माहेरचं लावू का सासरचं?” मी म्हणते, “तुम्हाला कुठल्या नावानं हाक मारलेली आवडते, ते सांगा.” मग फोनवर थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

वेगवेगळं लिहून ठेवण्याचं मोल आपल्या खानापूर तालुक्यानं तरी ओळखावं. हलशी म्हणजे जुनी पलाशिका. पाचव्या शतकात कदंब राजा मृगेशवर्मा यानं तिथं वडिलांच्या स्मरणार्थ जिनालय बांधलं आणि जमीन दान दिली. ताम्रपटात दान घेणारे यापनीय, निर्ग्रंथ आणि कूर्चक असे तिघं नावानिशी लिहिलेत. ‘जैन मुनींना दिली’ म्हणूनही भागलं असतं. पण नावं सुटी लिहिली, म्हणून दीड हजार वर्षांनंतरही ते तिन्ही संघ आपल्याला माहीत आहेत.

सीमेपलीकडं महाराष्ट्रात मार्च २०२४ मध्ये सरकारनं ठरवलं, की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या बाळाचं नाव बाळ, आई, वडील, आडनाव या क्रमानं लागेल. तिथं आईला कागदावर स्वतःचा रकाना मिळाला. आपल्याला बस्तीच्या यादीसाठी सरकारी हुकमाची वाट कशाला बघायला पाहिजे?

येत्या पर्युषणात वर्गणीचा कागद घरी येईल, तेव्हा ‘श्री. व सौ.’ लिहून मोकळं होऊ नका. स्वतःचं नाव लिहा, मग एक स्वल्पविराम द्या आणि मग ह्यांचं लिहा. पुढचं काम संगणक बिनचूक करतो.